तळ

शालन म्हणाली, तुमचं ते खोकं लागलं
की माझा रेडिओ किरकिरतो.
खरं होतं. पणजीहून बातम्या देणारा माणूस
गांधीलमाश्यांच्या पोळ्यातून बोलत असल्यासारखा.
संगणक मीच जोडलेला, चार मेगाहर्ट्झचा,
जुन्या टीव्हीचा पडदा, कळफलक कुठल्याशा मोडीतला.
दुर्भाटात त्याला कुणी संगणक म्हणत नाही,
भुताचें खोकें म्हणतात.

गाळणी करायची तर आधी कळायला हवं
काय गाळायचं, किती.
मोजायचं साधन विकत घ्यायचं
तर एक चांगली म्हैस गेली असती.
म्हणून लग्नपत्रिकेच्या पाठकोऱ्या बाजूवर आराखडा काढला:
इथून लहर निघेल, तीस मेगाहर्ट्झपर्यंत
पायरी पायरीने चढत,
मधे जिची परीक्षा ती वस्तू,
पलीकडे आठ पायांची चिप, मुंगळ्याएवढी,
जी डेसिबलला पंचवीस मिलिव्होल्ट
या दराने हिशेब चुकता करते.
आकडे खोकंच वाचेल, आलेखही तेच काढेल.

पन्नास ओहमचा रोध फोंड्यात मिळाला नाही.
दुकानदाराने शंभरचे दोन दिले.
म्हणाला, शेजारी शेजारी लावा, निम्मे होतात.
संसाराबद्दल बोलतोय असं वाटलं क्षणभर.

मग ती रात्र.
लहर बंद. तोंड पन्नास ओहमने मिटलेलं.
आत काहीच नाही, आणि काहीच नाही
हे पुस्तकाच्या मते उणे पंचाहत्तर.
पडद्यावर उणे बावन्न.
ओहोटीची वेळ उलटून गेली
तरी पाणी काठालाच.

डाग पुन्हा दिले. तारा आखूड केल्या.
हात जवळ नेला की आकडा हले,
नुसता माझा हात.
आठ रात्री.
नवव्या रात्री वैतागून खोक्याची वायर उपटली,
चिपच्या टोकाला साधा काट्याचा मीटर लावला.
काटा पडला. पडला तो थेट तळाला.

म्हणजे तेवीस डेसिबल माझ्या खोक्याचे.
त्याला सांगावं, क्षणभर गप्प राहा,
तर गप्प राहिल्याची नोंद करणार कोण?
भिंतीवर पाल होती.
तिलाही काही सुचलं नाही.

रासईचा आग्नेल सकाळच्या फेरीबोटीने आला.
एकाच गोदीत आम्ही बार्जांचे वायरलेस उघडायचो,
खाणी थांबल्या, बार्जा थांबल्या,
आमचे पाने घरी आले.
त्याने माझं यंत्र उचललं, उलटं केलं,
"प्लास्टिकाच्या डब्यांत कोण घालता रे हें?"
आणि त्याच संध्याकाळी परत, काखेत तांब्याचा पत्रा.
वडिलांच्या भाटीवरचं फुटकं भाण कापून आणलेला.

तांबं उष्णता गिळतं. मोठी इस्त्री तापवली,
चारही बाजू जोडत गेलो, कोपऱ्यांत श्वास धरून.
आणि धुरातून वास आला, शपथेवर सांगतो,
हुर्राकाचा.
किती वर्षं झाली त्या भाणाला विस्तव लागून.
आग्नेल म्हणाला, "पायचें भाण हें.
आतां तुजें यंत्र पियेतलें."
मग बराच वेळ काही बोलला नाही.

उणे एकाहत्तर.
दहाचा अडसर घातला, आकडा दहाने उतरला.
आणखी दहा. तोही खरा.
आग्नेल टाळी वाजवणार होता, मी हात धरला,
उगाच काही हलायला नको.

गाळणीची वेटोळी आता गुंडाळतोय,
अठ्ठावीस वेढे, एकोणतीस करून बघणार.
शालनच्या रेडिओत माश्या अजून आहेत,
पण पोळं लांब गेलंय, परसापलीकडे कुठेतरी.
आता शब्द कळतात. ती म्हणते, बातम्याच वाईट आहेत.

पुस्तकात पंचाहत्तर, माझ्याकडे एकाहत्तर.
मधले चार कुणाचे, शोधलं.
खोक्याचे नाहीत. वायरचे नाहीत.
वहीत तारीख घातली, पुढे लिहिलं: चार, बेवारस.
शेवटची फेरीबोट धक्क्याला लागताना
आकडा किंचित थरथरला, किंवा
मीच टेबलाला टेकलो असेन.